पेल्याचा तळ आणि चंद्रावरचे डोंगर

स्टीलचा पेला टेबलावर ठेवा, समोर खुर्चीत बसा आणि दिसतो तसा कागदावर काढा. बहुतेक मोठी माणसं वरची कड लांबट गोल काढतात, दोन बाजू खाली आणतात आणि तळाशी एक सरळ आडवी रेघ मारतात. आता पुन्हा पेल्याकडे बघा. तळाची कड सरळ नाही. ती खाली झुकलेली कमान आहे, आणि तिचा बाक वरच्या काठापेक्षा जास्तच आहे, कारण तळ डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली आहे. एलिमेंटरी ग्रेड परीक्षेच्या वस्तुचित्राच्या पेपरसाठी ज्यांनी तांब्या-बादली काढून काढून वह्या भरल्या, त्यांना चित्रकलेच्या सरांनी हे कितीदा तरी सांगितलेलं असतं. तरी पुढच्या वेळी हात पुन्हा सरळ रेघेकडेच धावतो.

हात असा धावतो, कारण पेला सपाट टेबलावर सपाट बसलाय हे आपल्याला माहीत असतं. डोळ्यांना कमान दिसते, मेंदू ‘सपाट’ म्हणतो आणि हात मेंदूचं ऐकतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थाउलेस यांनी या प्रकाराचं मोजमाप केलं आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. गोल चकत्या तिरक्या ठेवून त्यांनी लोकांना विचारलं, तुम्हाला दिसणारा आकार नेमका कसा आहे? लोकांनी दाखवलेला आकार हा डोळ्यांवर प्रत्यक्ष उमटणाऱ्या आकारापेक्षा सतत अधिक गोल निघाला. चकती गोल आहे ही माहिती दिसण्यातच मिसळत होती. हा मेंदूचा दोष मानायचं कारण नाही, ती फार मोठी सोय आहे. ताटाभोवती फिरताना पावलोपावली ताटाचा आकार बदलतोय असं वाटायला लागलं, तर पंगतीत वाढणंही अवघड होईल. या सोयीमुळे जगाकडे दर वेळी नव्याने पाहावं लागत नाही. याच सोयीमुळे आपण दिवसच्या दिवस काहीही न पाहता काढू शकतो.

एका वहीत रोज काहीतरी रेखाटायचं, शेजारी दोन ओळी लिहायच्या, तारीख टाकायची. अशी स्केच डायरी ठेवणारी माणसं सांगतात की त्यामुळे मन निवतं, झोप बरी लागते, दिवस हातातून निसटून गेल्यासारखा वाटत नाही. मी त्यांच्यातलीच एक आहे. पण हे कशाने होतं याचा विचार करायला लागले, की ‘भावना व्यक्त होतात’, ‘कलेत मन रमतं’ ही नेहमीची उत्तरं मला अपुरी वाटतात. मी दर वेळी त्या पेल्याच्या तळाशी येऊन पोचते. वहीत रेखाटताना माणूस स्वतःमधून बाहेर येतो आणि समोरच्या वस्तूपाशी जातो, आणि बरं वाटतं ते या बाहेर येण्यामुळे, असं मला वाटतं.

या जाण्यात केवढी ताकद असते, हे १६०९ सालच्या दोन चित्रांवरून कळतं. त्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या सायन हाउसमध्ये टॉमस हॅरियट या गणितज्ञाने सहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण चंद्राकडे रोखली आणि जे दिसलं ते कागदावर काढलं. दुर्बिणीतून पाहून काढलेलं चंद्राचं आपल्याला माहीत असलेलं हे सगळ्यात जुनं चित्र. त्यात एक वर्तुळ आहे आणि उजेड-अंधार वेगळे करणारी एक वेडीवाकडी रेघ. ती रेघ अशी दातेरी का, याचा हॅरियटला काही उलगडा झालेला दिसत नाही. काही महिन्यांनी, नोव्हेंबर-डिसेंबरात, पादुआ गावी गॅलिलिओने आपली दुर्बीण चंद्राकडे वळवली. त्याने तपकिरी शाईचे पातळ-दाट हात देऊन चंद्राच्या कला रंगवल्या. ती पानं आज फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. अंधाऱ्या भागात त्या रेघेलगत काही उजेडाचे ठिपके चमकत होते, आणि तास-दोन तासांत ते वाढत जाऊन उजेडाला मिळत होते. गॅलिलिओला ते पाहून पहाट आठवली. दरीत अजून काळोख असतो आणि डोंगरमाथ्यावर ऊन आलेलं असतं, तसंच. ते ठिपके चंद्रावरच्या डोंगरांची शिखरं होती.

गॅलिलिओची दुर्बीण वीस पट मोठं दाखवणारी होती, म्हणजे हॅरियटच्या दुर्बिणीपेक्षा बरीच चांगली, हे खरं. पण कलेतिहासकार सॅम्युअल एजर्टन यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं. गॅलिलिओ चित्रकारांच्या फ्लॉरेन्समध्ये वाढला होता. ओस्तिलिओ रिच्ची या त्याच्या गुरूंकडून त्याने यथार्थदर्शनाचं शास्त्र शिकून घेतलं होतं, आणि पुढे १६१३ मध्ये तिथल्या चित्रकलेच्या अकादमीने त्याला सभासदही करून घेतलं. उंचवट्यावर सावली कशी पडते, खड्ड्यात कशी पडते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. १६१० मध्ये गॅलिलिओचं पुस्तक आल्यावर हॅरियटने पुन्हा चंद्र काढला, आणि आता त्याच्याही चित्रात खड्डे उमटले! चंद्र तोच होता. मला ही हकिकत फार आवडते. चित्र काढणं हे पाहून झाल्यावरचं काम आहे असं आपण धरून चालतो. इथे तर काढता येत होतं म्हणून दिसलं.

आपल्या स्वयंपाकघरात डोंगर शोधायचे नसतात, पण घडतं तेच. लसणाचा एक गड्डा घ्या. रोज हाताळायची वस्तू, डोळे मिटूनही सोलता येईल. काढायला बसलं की पहिल्या मिनिटात हात थबकतो. पाकळ्या किती दिसताहेत? पाच वाटल्या होत्या, तिसरी आणि चौथीच्या मधून एक चिंचोळी सहावी डोकावतेय. वरचं पापुद्र्याचं साल पांढरं म्हणावं, तर त्यात फिकट जांभळ्या शिरा आहेत. त्या बुडापासून निघतात, पाकळीच्या फुगवट्यावरून वळण घेत वर जातात आणि सगळ्या मिळून देठाच्या मानेत शिरतात. फुगवटा दाखवायला सावली घालायचीही गरज नाही, त्या शिरांचा बाक नीट आला की कागदावरची पाकळी आपोआप फुगते. एका जागी साल फाटलंय आणि आतली पाकळी चकचकीत दिसतेय, तिच्यावर खिडकीचा एवढासा चौकोन चमकतोय. बुडाशी वाळक्या मुळांची दाढी. एक पाकळी सोडवून पाहिली तर तिची बाहेरची बाजू गोलसर, आतल्या दोन बाजू मात्र चपट्या, शेजारणींनी दाबून दाबून चपट्या केलेल्या. इतकी वर्षं फोडणीला लसूण ठेचताना यातलं मला काहीच दिसलं नव्हतं.

या दरम्यान डोळे काय करतात ते पाहण्यासारखं आहे. ते गड्ड्यावर जातात, शिरेचा एक छोटासा तुकडा उचलतात, कागदावर येतात, तेवढाच तुकडा उतरवतात आणि परत जातात. आपल्या तात्पुरत्या स्मरणात एका वेळी फार थोडं मावतं, म्हणून ही ये-जा शेकडो वेळा करावी लागते. अमेरिकेतले चित्रकला शिक्षक किमॉन निकोलाइडीस विद्यार्थ्यांना याहून कडक सराव द्यायचे. त्यांचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९४१ मध्ये आलं, त्यात तो आहे. कागदाकडे बघायचंच नाही. नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची आणि पेन्सिलचं टोक जणू त्या कडेलाच टेकलंय अशा भावनेने, मुंगीच्या गतीने दोन्ही एकदम सरकवायचे. चित्र वेडंवाकडं येतं. नाक एकीकडे आणि डोळा भलतीकडे. पण त्या पाच-दहा मिनिटांत उद्याचा हप्ता, सकाळचं भांडण, न आलेला फोन, यांतलं काही आत येऊ शकत नाही. त्यांना कोणी हाकललेलं नसतं. मनाची सगळी जागा त्या कडेने घेतलेली असते, इतकंच. ज्यांना डोळे मिटून ध्यानाला बसलं की विचारांचा लोंढा येतो, त्यांनी हा उघड्या डोळ्यांचा प्रकार जरूर करून पाहावा.

हे नुसतं वाटणं आहे की शरीरातही काही बदलतं? फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १८ ते ५९ वर्षं वयाची ३९ माणसं. समोर रंगीत पेनं, कागद, माती, चिकटवायला कात्रणं. पाऊण तास हवं ते करा, म्हणून सांगितलं. आधी आणि नंतर लाळेचे नमुने घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते घटलं होतं. मला खरं थक्क केलं ते पुढच्या निष्कर्षाने. निम्म्याच्या आसपास लोकांना चित्रकलेचा फारसा अनुभव नव्हता, आणि अनुभव असण्या-नसण्याने कॉर्टिसॉलच्या घटीत फरक पडला नाही. शाळेत ‘तुला चित्र येत नाही’ हे ऐकून ज्यांनी पेन्सिल कायमची खाली ठेवली, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. अभ्यास लहान आहे, तो पाऊण तास नुसतं बसून राहिलेल्यांशी तुलना त्यात नाही, आणि पाव भाग लोकांत कॉर्टिसॉल घटलंही नाही. त्यामुळे मी त्यावरून फार मोठा दावा करणार नाही. पण चांगलं चित्र येणं आणि चित्राने बरं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून दिसतं.

दुसरा अभ्यास माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आधी एक दुःखद चित्रफीत दाखवली. नंतर काहींना सांगितलं, जे वाटतंय ते कागदावर उतरवा. इतरांना सांगितलं, त्याच्याशी संबंध नसलेलं काहीतरी काढा. मन मोकळं करणाऱ्यांना जास्त हलकं वाटेल असा आपला अंदाज असतो. झालं उलटं. ज्यांनी दुसरंच काही काढलं, त्यांची मनःस्थिती अधिक सुधारली. अर्थात ही त्या तासाभरातली गोष्ट.

लिहिण्याचं गणित वेगळं आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये कॉलेजातल्या मुलांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात जिव्हारी लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. लिहून झाल्यावर त्या मुलांना लगेच अधिक वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. लिहिणं आत नेतं, आधी दुखवतं आणि सावकाश उपयोगी पडतं. रेखाटणं बाहेर नेतं आणि लगेच थोडा श्वास देतं. स्केच डायरीच्या पानावर ही दोन्ही कामं शेजारी शेजारी चालतात. मधोमध लसणाचा गड्डा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘आज आईचा रिपोर्ट आला’. त्या दिवशी त्या चार शब्दांपलीकडे काही लिहिण्याची ताकद नसते, आणि लसूण मात्र शांतपणे शेवटच्या मुळापर्यंत काढता येतो.

अशा वहीने माणसाला तारून नेल्याचं एक ठळक उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. डॅनी ग्रेगरी तिथे जाहिरात क्षेत्रात होते. १९९५ मध्ये त्यांची पत्नी पॅटी भुयारी रेल्वेखाली सापडली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुलगा अगदी तान्हा होता. कशालाच अर्थ उरला नाही अशा त्या काळात ग्रेगरींनी घरातल्या, रस्त्यावरच्या साध्या साध्या वस्तू वहीत काढायला सुरुवात केली. चित्रकार म्हणून त्यांचं कसलंही शिक्षण झालेलं नव्हतं. प्रत्येक वस्तू निरखताना त्यांना जाणवत गेलं, की अपघाताने बरंच हिरावून नेलं तरी समोर अजून पुष्कळ आहे. या वह्यांमधून २००३ मध्ये ‘एव्हरीडे मॅटर्स’ हे पुस्तक झालं, आणि ते पाहून जगभर असंख्य लोकांनी हातात पेन घेतलं. २०१० मध्ये पॅटी गेली. त्यानंतरचं वर्षही ग्रेगरींनी वहीतच काढलं आणि लिहिलं, तेही पुढे पुस्तकरूपाने आलं. ती पानं पाहताना लक्षात येतं, की वहीने दुःख कमी केलेलं नाही. तिने त्या माणसाला रोज कुठेतरी बसवलं आणि समोरचं बघायला लावलं.

हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खोल नैराश्यात असलेल्या माणसाला ‘चित्र काढ, बरं वाटेल’ म्हणून सोडून देणं क्रूरपणाचं आहे. तिथे डॉक्टर हवा. वही सोबत असू शकते.

आता स्मरणशक्तीकडे येऊ, कारण इथे संशोधन जास्त भक्कम आहे आणि अद्भुतही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जेफ्री वॅम्स, मेलिसा मीड आणि मायरा फर्नांडिस यांनी लोकांना ‘सफरचंद’सारखे सोपे शब्द दिले. काही शब्द चाळीस सेकंदांत पुन्हा पुन्हा लिहायचे, काहींचं चित्र काढायचं. मग थोड्या वेळाने अचानक विचारलं, कोणते शब्द आठवतात? काढलेले शब्द लिहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आठवले, अनेकदा दुप्पट. मग त्यांनी लिहिण्याऐवजी वेगवेगळ्या गोष्टी घालून पाहिल्या. शब्दाचे गुण लिहून काढणं, वस्तू मनात आणणं, तयार चित्र बघणं. प्रत्येक वेळी रेखाटणंच पुढे राहिलं. चित्रासाठी अवघे चार सेकंद दिले तरीही! आणि इथेही चित्र चांगलं की वाईट याने फरक पडला नाही. त्यांचं स्पष्टीकरण असं, की काढताना वस्तू कशी आहे याचा विचार करावा लागतो, हात हलवावा लागतो आणि पुढ्यात चित्र उमटत जातं. आठवणीला असे तीन धागे एकदम बांधले जातात, एखादा तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. वय वाढलेल्या माणसांनाही याचा असाच लाभ होतो, हे त्यांनी नंतर दाखवलं.

याच्या शेजारी लिंडा हेंकेल यांचा २०१४ चा प्रयोग ठेवून बघा. संग्रहालयात विद्यार्थ्यांना फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या, जणू लक्षात ठेवायचं काम कॅमेऱ्यावर सोपवून मन मोकळं झालं होतं. गंमत म्हणजे, वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला, तेव्हा ही घट झाली नाही. तेवढं नीट पाहणं पुरलं. प्रवासात मी फोटो काढते, पुढेही काढेन. पण हंपीच्या सहलीतलं मला सगळ्यात लख्ख आठवतं ते एका टपरीपाशी बसून काढलेलं जुनं कुलूप. त्याच्याबरोबर टपरीवाल्या आजोबांचा खोकला, चहाची आल्याची चव, पाठीला लागणारं ऊन, सगळं येतं. त्यातलं काहीही मी काढलं नव्हतं.

चित्रात न मावलेलं असं काही टिपतात, म्हणून चित्राशेजारच्या त्या दोन ओळींना कमी लेखू नये. इंग्लंडमध्ये वॉरिकशायरच्या ओल्टन गावी राहणाऱ्या ईडिथ होल्डन या चित्रकलेच्या शिक्षिकेने १९०६ साली अशी एक वही भरली. महिन्यामागून महिने, कोणतं फूल आज उमललं, कोणता पक्षी परतला, हवा कशी होती, हे सुबक अक्षरात, आणि बाजूला जलरंगात तेच फूल, तोच पक्षी. ती वही सत्तरेक वर्षं घरातच पडून होती. १९७७ मध्ये ती जशीच्या तशी छापली गेली आणि लाखो लोकांनी ती विकत घेतली. होल्डनबाईंना यातलं काही कळलं नाही. १९२० मध्ये, लंडनमध्ये थेम्सच्या काठी चेस्टनटच्या कळ्या तोडायला वाकताना त्या पाण्यात पडून बुडाल्या होत्या. आपल्याकडे असं पान सुरू करायला माघ-फाल्गुनासारखा काळ नाही. काटेसावर, पांगारा, पळस एकामागून एक पेटतात, मग चैत्र-वैशाखात बहावा. झाड ठरवून टाकायचं, कॉलनीच्या कोपऱ्यावरचं का असेना, आणि पहिलं फूल दिसलं की काढून तारीख घालायची. दोन-तीन वर्षांनी मागची पानं चाळताना कळतं, की बहावा यंदा लवकर आला. त्या झाडाशी आपलं नातं आता वर्षांचं झालेलं असतं.

जागेवर बसून दिसेल ते काढण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईतल्या पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट नावाचा चित्रकार होता. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने वेरूळची लेणी रेखाटली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, कामात गढलेले कारागीर काढले. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्या गेंड्याच्या कातडीच्या वळ्या बघताना गंगाराम त्याच्यासमोर किती वेळ उभा राहिला असेल, याचा अंदाज येतो. त्याचं ते पोटाचं काम होतं, मनःशांतीसाठी त्याने ते केलं असं मला म्हणायचं नाही. पण पाहण्याची ती तन्मयता ओळखीची वाटते. २००७ मध्ये सिएटलचे पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी शहरं जागेवर बसून रेखाटणाऱ्यांना एकत्र आणलं, त्यातून ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ उभी राहिली. मुंबईत, पुण्यातही तिचे गट आहेत. सुटीच्या दिवशी सकाळी फोर्टातल्या एखाद्या इमारतीसमोर नाहीतर पेठेतल्या वाड्यासमोर फुटपाथवर दहा-वीस माणसं मान खालीवर करत बसलेली दिसली, तर ती तीच. शेवटी सगळे आपापल्या वह्या जमिनीवर मांडतात. एकच दरवाजा वीस तऱ्हांनी बघायला मिळतो, आणि नवख्याच्या वहीत नेमकं असं काही सापडतं जे बाकी कोणालाच दिसलेलं नसतं.

सामान थोडं लागतं. सुरुवातीला पाठकोरे कागद शिवून केलेली वहीसुद्धा पुरते, उलट महागड्या वहीच्या पहिल्या पानाची भीती वाटते. २बी पेन्सिल चालेल, पण मी बॉलपेन सुचवेन, कारण खोडता येत नाही म्हटल्यावर माणूस रेघ मारण्याआधी एकदा जास्त बघतो. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारून दुसरी मारायची. रंग हवे असतील तर कॅमलच्या वड्यांची शाळकरी पेटी उत्तम, मात्र मग कागद जरा जाड हवा, २०० जीएसएमच्या पुढचा, नाहीतर पाणी लागताच तो फुगतो. आणि निदान पहिले काही महिने पानं कोणाला दाखवण्यासाठी काढू नयेत. दाखवायचं ठरलं की लसूण बाजूला राहतो आणि मन ‘हे कसं दिसेल’ याकडे वळतं, म्हणजे परत आत.

वस्तूंची सवय झाली की हलणाऱ्या गोष्टींकडे जावं. इथे नवखे लोक हरतात, कारण माणूस हलला की चित्र फसलं असं त्यांना वाटतं. पण थोडं थांबलं तर एक विलक्षण गोष्ट दिसते. प्रत्येकाच्या बसण्या-उभं राहण्याच्या दोन-तीन ठरावीक ठेवणी असतात आणि माणूस नकळत त्यांच्याकडे परत परत येतो. लोकलमध्ये समोर पेंगणाऱ्याची मान डावीकडे कलते, स्टेशन आलं की सरळ होते, गाडी सुटली की पुन्हा डावीकडे. रोज पेपर वाचणारे वडील पाय कसे दुमडतात हे काढायला बसल्यावर कळतं, आणि मग तीन रेघांतही तेच बसलेले वाटतात. जनावरांचंही तेच. शेळी काढायची असेल तर एका पानावर एक चित्र अर्ध्यात सोडायचं, तिने मान वळवली की शेजारी दुसरं सुरू करायचं, उठली की तिसरं. ती रवंथ करायला पुन्हा पहिल्यासारखी बसली की आपणही पहिल्या चित्राकडे परतायचं. अर्ध्या तासात एकाच शेळीच्या पाच-सहा शेळ्या पानभर होतात, आणि त्यातल्या दोन-तीन तरी शिंगांपासून खुरांपर्यंत पुऱ्या झालेल्या असतात.